नववा इलेक्ट्रॉन

आर्गॉनच्या अणूवरचे पहिले आठ इलेक्ट्रॉन कोणीही काढतं. त्यात मर्दुमकी नाही. खरी परीक्षा नवव्याची. हे मी इतक्या लोकांना ऐकवलंय, की आमच्या कॉलेजातले इतिहासाचे सर मला लांबून पाहिलं तरी नऊ बोटं दाखवायचे. दाखवोत बापडे. तो नववा मी काढला, आणि तो आदिलाबाद जिल्ह्यात काढला, ही गोष्ट काही त्यांच्या बोटांनी पुसली जात नाही.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. हवा उपसून रिकामी केलेली एक पोलादी नळी. तिच्या एका टोकाला इलेक्ट्रॉनची बंदूक. बंदुकीतून झोत सुटतो, बाहेरून लावलेली चुंबकं त्याला दाबून बारीक करतात. त्या झोतात किंचित आर्गॉन वायू सोडायचा. झोतातले इलेक्ट्रॉन अणूंवर आदळतात आणि अणूंचे स्वतःचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात. उरतो तो आयन. त्याला नळीच्या मध्यावर विजेच्या दाबाने कोंडून ठेवता येतं, म्हणजे तो झोताचा मार खात राहतो आणि त्याचे आणखी इलेक्ट्रॉन जातात. मग दार उघडावं तसा दाब काढायचा, आयन बाहेर ओढायचे आणि कोणाचे किती गेले ते मोजायचं.

आमच्या भागात कापूस वेचलेल्या बाईला यातली अडचण लगेच कळते. उमललेल्या बोंडातला कापूस तीन बोटांत येतो. न उमललेलं बोंड मात्र नखं लावून फोडावं लागतं, आणि बोटं रक्ताळतात. आर्गॉनचे बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन उमललेल्या बोंडातले. नववा आतल्या घरातला. त्याला जोर तर जास्त लागतोच, पण त्याहून जास्त लागतो वेळ. आयन झोतात बराच काळ टिकला पाहिजे. आणि नळीत जरा जरी हवा किंवा वाफ शिल्लक असली, तर आयन तिच्याकडून गेलेला इलेक्ट्रॉन परत घेऊन मोकळा होतो. केलेलं सगळं पाण्यात.

म्हणून सारा खेळ त्या रिकामेपणाचा. पंप हवा काढतो, पण पोलादाच्या भिंतींना चिकटलेलं पाणी काढत नाही. त्यासाठी अख्खी नळी, पंप चालू ठेवून, दोन दिवस सलग दोनशे अंशांच्या आसपास भाजावी लागते. सलग. मध्ये थंड झाली की गेलं.

आता सलग हा शब्द आणि त्या काळातला करंट. आमच्याकडे वीज म्हणत नाहीत, करंट म्हणतात, आणि तो येतो कमी आणि जातो जास्त. विहिरींच्या मोटरींना पाळीपाळीने द्यायचा म्हणून आमच्या फिडरवर तो कधी सकाळी असे, कधी दुपारी, कधी नुसताच तारेत असल्याची अफवा असे. मी नळीला तापवायच्या पट्ट्या गुंडाळल्या, करंट आला की तापवलं, गेला की हात चोळत बसले. दोनचार वेळा असं गरम-थंड झाल्यावर जोडातली तांब्याची कडी सैल झाली आणि नळी हवा ओढू लागली. तेव्हा मी प्रयोगशाळेचं दार लावून घेऊन मनसोक्त शिव्या दिल्या. त्या मराठीत होत्या, म्हणून बाहेर उभ्या असलेल्या तेलुगू प्राचार्यांना निम्म्याच कळल्या.

हे यंत्र या जिल्ह्यात आणण्याचा वेडेपणा माझाच. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत मी अशाच यंत्रावर डॉक्टरेट केली होती. तिथल्या मोडीतल्या नळ्या आणि पंप मागून घेतले, सरकारकडून प्रकल्प मंजूर करून घेतला आणि नोकरी मागितली ती आदिलाबाद जिल्ह्यातली. ऐकणाऱ्याला वाटायचं मी काहीतरी गुन्हा केलाय. जिल्हा तेव्हा आंध्रात होता, आणि आंध्रच्या सरकारी लोकांत आदिलाबादची बदली म्हणजे शिक्षा. हैदराबादच्या कारकुनाने तर विचारलंही, "मॅडम, किसने भेजा आपको?" मी म्हटलं, मी तिथलीच आहे, मुधोळकडची. मला कोण पाठवणार? त्याने कागदावर शिक्का मारला. मला त्या प्रश्नाचा राग आला तो अजून उतरलेला नाही.

कॉलेज निर्मलहून नेरडीगोंड्याकडे जाताना हायवेच्या कडेला होतं. प्रकल्पाला दोन वर्षं झाली आणि निरोप आला की राजधानीतून, हैदराबादहून, समिती येणार. समितीचे अध्यक्ष निवृत्तीला आलेले एक मोठे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांना आधीच सांगून ठेवलं होतं: यंत्र आठाच्या पुढे जात नसेल, तर ते राजधानीतल्या विद्यापीठात हलवायचं. तिथे करंट जात नाही. मी हवं तर त्याच्यामागे जावं, नाहीतर इथेच पोरांना लंबक मोजायला शिकवावं.

मला यंत्र इथेच हवं होतं. त्याला कारण एवढंच, की मी बी.एस्सी. करताना चुंबकीय क्षेत्र हा शब्द पाठ केला होता, चुंबक पाहिलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या मुलींनी पाहिलं होतं. त्यांनी ते हातात धरून खिळे चिकटवले होते. ते काढून घेऊन जाणार म्हणजे काय?

तेव्हा मला आगटी आठवली. सीमेवरच्या गावांत ज्वारीच्या हुरड्याला शेतात खड्डा करून गोवऱ्या पेटवतात आणि वर राख ओढतात. ज्वाळ दिसत नाही, पण धग तासन्‌तास हलत नाही. कणसं भाजतात, जळत नाहीत. मला हवी ती हीच धग. कोळसा आमच्याच जिल्ह्यात पूर्वेला खाणीतून निघतो, पण तो फार तापतो, जोडांची वाट लावतो. लग्नातला जनरेटर मागितला तर मंडपवाला म्हणाला दोन-चार तास घ्या, दोन दिवस नाही, लग्नसराई आहे. पंपाला करंट फार लागत नाही, त्याला ट्रॅक्टरची बॅटरी पुरणार होती. प्रश्न फक्त उष्णतेचा होता. मी गोवऱ्यांची बैलबंडी सांगितली.

बंडी कॉलेजच्या फाटकात आली तेव्हा होळी आठ-दहा दिवसांवर होती. प्राचार्य व्हरांड्यात आले आणि नेहमीचं तेलुगू आदराचं गारू लावून म्हणाले, "अय्यो मॅडम गारू, होळी कॉलेजात करणार?" पोरं खदखदून हसली. मी म्हटलं, "हो सर, तुम्ही नारळ आणा."

हसणाऱ्यांचं मला काही वाटलं नाही. घरी जे झालं त्याचं वाटलं.

माझी माय तेव्हा माझ्याजवळच राहायची, कॉलेजच्या मागच्या भाड्याच्या खोल्यांत. ती गावात असताना लहानपणापासून एका मोठ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात शेण काढायची आणि गोवऱ्या थापायची. मजुरी म्हणजे शिळं अन्न. आमच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला, त्या वर्षी तिने शेणाचं टोपलं त्या गोठ्याच्या दारात उपडं केलं आणि पुन्हा गेली नाही. आमच्या घरात त्यानंतर गोवरी पेटली नाही. चुलीला कापसाच्या पऱ्हाट्या, मग स्टोव्ह, मग गॅस. पावसाळ्यात पऱ्हाट्या ओल्या असल्या तर ती उपाशी झोपायची, पण शेजारणीकडून गोवरी आणायची नाही. मला शिकवण्यामागे तिचा एकच हिशेब होता, पोरीच्या हाताला शेणाचा वास येता कामा नये.

बंडी तिने खिडकीतून पाहिली. मी घरी गेले तर ती उंबऱ्यात उभी.

"ते कोनाच्या गोवऱ्या होत?"

"माह्या. मशिनीसाठी."

"मी टोपलं फेकलं, ते तू उचलून राह्यली काय? डॉक्टर होऊन?"

"माय, तू दुसऱ्याच्या घरी थापत होती. मी माह्या कामासाठी पेटवून राह्यली. यात फरक हाय का न्हाई?"

ती वळली. "वास सारखाच येते," म्हणाली आणि आत गेली.

वास सारखाच होता, हे खरं. पण तेवढ्यावरून मी थांबले नाही. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढून ठेवायची, समोर बसायची नाही. मला वाईट वाटत होतं आणि तिचा रागही येत होता, दोन्ही एकदमच.

पहिली भट्टी फसली. रस्त्याचं काम करणाऱ्यांकडून डांबराचा रिकामा पिंप आणला, चुंबकं काढून ठेवली, कारण ती तापली की चुंबक राहत नाहीत. नळी पिंपात ठेवली, पंप बाहेर, भोवती विटा, विटांच्या आत गोवऱ्या. आणि घाईत चुलीसारख्या फुंकून पेटवल्या. हायवेच्या बाजूने वारा आला, एका अंगाला ज्वाळ उठली, टक् असा आवाज झाला. तारा आत नेणारा चिनीमातीचा खुंटा तडकला होता. तसा दुसरा एकच होता माझ्याकडे. प्राचार्य येऊन पाहून गेले आणि यंत्र न्यायच्या ट्रकची चौकशी करायला लागले.

दुसऱ्या खेपेला मी आगटीसारखं केलं. गोवऱ्या कडेवर उभ्या, एकमेकींना टेकलेल्या, वर राखेचा जाड थर, वाऱ्याकडे पत्रा. ज्वाळ दिसली की राख ओढायची, धग उतरली की खालून एक गोवरी सारायची. माझ्या शेवटच्या वर्षाच्या मुली पाळीपाळीने उष्णतामापक बघत होत्या. काटा एकशे ऐंशी ते दोनशेच्या मध्ये असा बसला, की सरकारी भट्टीनेही मान खाली घालावी. पहिल्या दिवशी पंपाच्या मीटरचा काटा वर गेला, म्हणजे भिंतीतलं पाणी सुटत होतं. दुसऱ्या दुपारी तो उतरायला लागला. नळी थंड झाल्यावर जिथे टेकला, तिथे तो या यंत्रावर कधी टेकला नव्हता. मुली नाचल्या. मी राखेच्या हातांनीच चहा प्याले.

समिती आली. त्या दिवसापुरता मंडपवाल्याचा जनरेटर होता. तो इतका बोंबलत होता की अध्यक्षांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागली, आणि मला ती दोनदा सांगायला आवडलं. झोत चालू केला. आर्गॉन सोडला. कोंडून ठेवण्याचा वेळ वाढवत नेला. नोंदणी करणारं पेन कागदावर एकेक टेकडी काढत गेलं. सहा, सात, आठ. आठाची टेकडी नेहमीसारखी ठसठशीत. मग पेन थोडं सपाट चाललं. मग ते उचललं गेलं. नऊ. बुटकी, पण नऊच. तिच्यापुढे दहाची, आणि नीट पाहिलं तर अकराचीही.

अध्यक्ष विद्वान होते, हे मी नाकारणार नाही. त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरला, बाहेर आलेले आयन वेगळे करणाऱ्या विजेच्या चुंबकाचा प्रवाह बदलायला लावून सगळं पुन्हा करून घेतलं, आणि हिंदीत म्हणाले, "मान गए." प्राचार्यांनी माझ्याआधी सुस्कारा सोडला.

मग ते बाहेर भट्टी पाहायला आले. राखेचा ढीग, डांबराचा पिंप, उरलेल्या गोवऱ्या. त्यांचा चेहरा बदलला. ते मला बाजूला घेऊन समजावणीच्या सुरात बोलू लागले. काम चांगलं आहे. यंत्र इथे ठेवायला माझी हरकत नाही. फक्त अहवालात हे लिहू नका. विजेच्या भट्टीत भाजलं असं लिहा. दिल्लीत हे वाचलं तर हसतील, तुम्हालाही आणि आम्हालाही. एक ओळ बदला, यंत्र तुमचं.

"आणि नाही बदलली तर?"

"तर मला लिहावं लागेल की इथे योग्य सोय नाही."

प्राचार्य हात जोडून मला म्हणाले, "एकच ओळ मॅडम गारू." त्यांना खरंच माझं भलं हवं होतं. एका ओळीवर यंत्र राहणार होतं, मुलींची चुंबकं राहणार होती. आणि घरात जी बाई माझ्याशी बोलत नव्हती, तिलाही तीच ओळ हवी असणार. कोणत्याच कागदावर शेण नको. मी क्षणभर डगमगले, ते तिच्यासाठी.

पण मग दुसरा कोणी माझा अहवाल वाचून हेच करायला गेला असता तर? विजेची भट्टी नाही म्हणून हातावर हात धरून बसला असता. काय केलं ते लिहायचं, तसंच्या तसं, हेच तर मला शिकवलं होतं. मी म्हटलं, "गोवऱ्याच लिहिणार सर. ज्वारीच्या शेतातली पद्धत, तीही लिहिणार."

अध्यक्ष चिडले. तेवढ्यात माय आली. प्राचार्यांनी पाहुण्यांच्या जेवणाचं तिला सांगितलं होतं, म्हणून ती डबे घेऊन आली होती, मुलींच्या मदतीने. माझ्याकडे न पाहता तिने प्राचार्यांना विचारलं काय चाललंय. त्यांनी तेलुगू, हिंदी आणि थोड्या मराठीत सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "अम्मा, तुम्हीच समजवा. गोवरी लिहिलं तर साहेबांना लाज वाटते."

मायने डबा विटांवर ठेवला. अध्यक्षांकडे वळली. त्यांना मराठी थोडीफार कळत असावी, कारण ते ऐकत उभे राहिले.

"मायबापहो, शेन मी थापलं हाय. पंधरा साल. लाज वाटाची तर मले वाटली पाह्यजे. तुमाले काऊन वाटून राह्यली?"

जनरेटर तेव्हा बंद झाला होता. सगळ्यांना ऐकू गेलं. जेवताना अध्यक्षांनी भाकरी दोनदा मागून घेतली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण जाताना त्यांनी अहवालाचा त्यांचा मसुदा माझ्यापुढे केला, त्यात विजेची भट्टीच होती. प्रकल्पप्रमुख म्हणून माझी सही लागत होती. मी केली नाही.

पुढे काय झालं ते फक्त सरकारी कामकाज माहीत असलेल्यालाच पटेल. सहीशिवाय अहवाल स्वीकारता येईना. अहवाल स्वीकारल्याशिवाय यंत्र हलवण्याचा हुकूम निघेना. मला सही कर म्हणून स्मरणपत्रं आली, मी प्रत्येकाला सविनय कळवलं की गोवऱ्या लिहा, सही करते. प्राचार्य बदलले, अध्यक्ष निवृत्त झाले. निर्णय होईपर्यंत यंत्र तात्पुरतं इथेच ठेवावं, असा एक कागद आला. त्या तात्पुरत्यात माझी सगळी नोकरी झाली आणि मुलींच्या कित्येक तुकड्या त्या यंत्रावर हात काळे करून बाहेर पडल्या.

मध्यंतरी एक वार्ताहर आला होता. त्याला गोमातेच्या चमत्काराची बातमी हवी होती. मी त्याला सांगितलं, चमत्कार वगैरे काही नाही, धग आहे, आणि शेण म्हशींचं होतं. बातमी छापली नाही त्याने.

काम मात्र छापून आलं, परदेशातल्या एका नियतकालिकात. तिथल्या तपासनिसांनी गोवऱ्यांबद्दल एकच प्रश्न विचारला होता, की धग किती अंशांच्या आत स्थिर राहते. मी आकडा कळवला, त्यांनी तो घातला. अंक टपालाने आला त्या दिवशी मी तो घरी नेला. समिती गेल्यापासून माय बोलायला लागली होती, पण त्या विषयावर नाही. मी तिला ती ओळ मराठीत करून वाचून दाखवली: निर्वात नळी राखेखाली धुमसत ठेवलेल्या शेणाच्या गोवऱ्यांवर दोन दिवस भाजली.

ती डाळ निवडत होती. हात थांबवला.

"हे इंग्रजीत असंच लिवलं हाय?"

"असंच."

"खाली नाव कोनाचं?"

"माह्यं."

"नुसतं नाव, का आडनाव बी?"

आमच्या आडनावावरून आमचं सगळं कळतं. मुधोळच्या बाजारात कळतं, हैदराबादच्या ऑफिसात कळतं. नोकरीला लागले तेव्हा दोघातिघांनी मला ते बदलून घ्यायचा सल्ला दिला होता.

"आडनाव बी," मी म्हटलं. "पुरं."

तिने अंक मागितला. तिला वाचता येत नव्हतं. मी ती जागा दाखवली. तिने डाळीचे हात पदराला पुसले, त्या ओळीवर एक बोट ठेवलं, नावावर दुसरं, आणि दोन्ही बोटं तशीच ठेवून बसली.